अभिमन्यू मेला त्या रविवारी

पुण्याच्या पेठांतल्या वाड्यांत वाढलेल्या आमच्या पिढीला टीव्ही ही एकट्याने बघायची गोष्ट असते, हे ठाऊकच नव्हतं. सिंहगडावरच्या केंद्रामुळे 1973 पासून मुंबई दूरदर्शन पुण्यात दिसू लागलं होतं, पण संच असायचा वाड्यात एखाद्याच घरी. लाकडी शटरचा, वर क्रोशाचा रुमाल घातलेला. गुरुवारचं छायागीत असो की रविवारचा हिंदी सिनेमा, दाराशी चपलांचा ढीग पडायचा. पोरं पुढे सतरंजीवर, बायका मागे भिंतीला टेकून, पुरुषमाणसं दारात उभी.

मारामारी तेव्हाही होती. आता जुन्या दूरदर्शनची आठवण काढताना आपण ते विसरतो आणि त्या दिवसांना उगीच सोवळं नेसवतो. रविवारच्या सिनेमात खलनायक डोक्यात बाटल्या फोडत होते, गोळ्या चालत होत्या, आणि सोमवारी शाळेच्या पटांगणावर आम्ही तेच करत होतो. 1987 मध्ये ‘रामायण’ आणि 1988 मध्ये ‘महाभारत’ सुरू झालं, तसा वाड्यातला एकही खराटा धड राहिला नाही. बांबूच्या कामटीला सुतळी बांधून धनुष्य, खराट्याच्या काड्यांचे बाण. माझ्या चुलतभावाला असाच एक बाण भुवईखाली लागला. डोळा थोडक्यात वाचला. त्याच संध्याकाळी मोठ्या काकांनी घराघरांतून धनुष्यं गोळा केली आणि सगळी बंबात घातली. आम्ही पोरं ते बघत रांगेने उभे होतो, कुणाची हूं की चूं करायची छाती नव्हती.

पण मनात राहिला आहे तो अभिमन्यू पडला तो रविवार. आम्ही पोरं जाम रंगात आलो होतो. चाक उचलून तो एकटा सगळ्यांना भिडला तेव्हा कुणीतरी शिटीही मारली. आजी मागे बसली होती. श्रीधरस्वामींचा ‘पांडवप्रताप’ ती दर चातुर्मासात वाचायची, तेव्हा पुढे काय होणार ते तिला आमच्याआधी ठाऊक होतं. तो पडला आणि ती रडायला लागली. आम्ही वळून पाहिलं तर पदराने डोळे पुसत म्हणाली, “शिट्या काय मारताय रे? सुभद्रेचं पोर मारलं सगळ्यांनी मिळून.” मग खोलीत कुणी बोललं नाही. त्या दिवशी दुपारी वाड्यात कुणी लढाई-लढाई खेळलं नाही, हे मला आजही स्वच्छ आठवतं.

अमेरिकेत अल्बर्ट बांडुरा नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1961 पासून लहान मुलांवर केलेले प्रयोग मी पुढे वाचले. मोठ्या माणसाने हवा भरलेल्या बाहुल्याला बडवताना मुलांनी पाहिलं की तीही तसंच बडवू लागायची. पडद्यावर पाहिलं तरी तेच. 1965 च्या प्रयोगात काही मुलांना मारणाऱ्याला शिक्षा झालेली दाखवली. त्या मुलांनी नक्कल कमी केली. मात्र नंतर बक्षीस देऊ केल्यावर त्यांनीही ती मारहाण जवळजवळ तशीच्या तशी करून दाखवली. म्हणजे पाहिलेलं आत जाऊन बसलेलंच असतं. ते बाहेर कधी आणि कसं यायचं, हे बरंचसं आजूबाजूची माणसं ठरवतात. ते वाचताना मला आजीचा पदर आठवला.

1988 च्या जानेवारीत गोविंद निहलानींची ‘तमस’ लागली, फाळणीच्या दंगलींवरची. ती बंद करावी म्हणून मुंबई उच्च न्यायालयात याचिका गेली. न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी मालिका स्वतः पाहिली आणि बंदी घालायला नकार दिला. पुढे सर्वोच्च न्यायालयानेही तेच मान्य केलं. आम्हा लहानांना तेव्हा आतल्या खोलीत झोपायला पाठवायचे. भिंतीपलीकडून फक्त आवाज यायचा आणि सकाळी चहाच्या वेळी मोठी माणसं गप्प गप्प असायची. पडद्यावरचं रक्त घरातल्या मोठ्यांनाही जड जातं, हे आम्हाला त्या गप्पपणातून कळलं. ज्या हिंसेचं दुःख होतं ती दाखवलीच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. मला भीती वाटते ती ज्या हिंसेने कुणाचंच काही बिघडत नाही, तिची.

ती केबलबरोबर आली. 1991 च्या आखाती युद्धात बगदादवरचा बॉम्बवर्षाव दिवाळीच्या आतषबाजीसारखा दिसला. हिरव्या अंधारात ठिणग्या, खाली माणसं कुठेच नाहीत. मग वाहिन्या वाढल्या, वाडे पडून फ्लॅट झाले, एका घरात दोन-दोन संच आले. आमच्याच पिढीने लग्नं करून संसार थाटले आणि मुलांच्या खोलीत वेगळा टीव्ही दिला. त्यात प्रेमच होतं, आपल्याला मिळालं नाही ते त्यांना मिळावं हे. पण मागे भिंतीला टेकून बसणारं माणूस त्या खोलीतून गेलं.

नोव्हेंबर 2008 मध्ये दहशतवादी हल्ल्यात मुंबईचं ताज हॉटेल जळत होतं तेव्हा घराघरांत टीव्ही दिवसरात्र चालू होता. माझ्या बहिणीचा मुलगा सहा वर्षांचा होता. तेच स्फोट, तोच धूर, पुन्हा पुन्हा. त्याला वाटत होतं की दर वेळी नवीन माणसं मरत आहेत. पुढे कितीतरी रात्री तो दाराची कडी तपासल्याशिवाय झोपत नसे. जॉर्ज गर्बनर या अभ्यासकाने हे आधीच सांगून ठेवलं होतं: खूप टीव्ही बघणाऱ्याला जग आहे त्यापेक्षा जास्त घातकी वाटू लागतं. हात उगारणाऱ्या मुलाची आपण लगेच काळजी करतो, घाबरून गप्प झालेलं मूल आपल्या लक्षातही येत नाही.

दहशतवादविरोधी कारवाईचं थेट प्रक्षेपण करायला 2015 मध्ये सरकारने केबलच्या नियमांत बंदी घातली. ते चांगलंच झालं. पण जेवणाच्या ताटासमोर चालणाऱ्या बातम्या कुठलाही नियम बंद करणार नाही. घरात लहान मूल असेल तर त्या जेवताना लावू नका. ते मोबाइलवर काही बघत असेल, तर तो हिसकावण्याआधी दहा मिनिटं त्याच्याशेजारी बसून तेच बघा, आणि पडद्यावर कुणी मेलं तर तो कुणाचा कोण होता, ते त्याला विचारा.