हिरवा चहा : अंगणातला आणि डब्यातला

दिवाळीला पुण्याहून आलेल्या लेकीनं पिशवीतून 'ग्रीन टी'चा डबा काढला, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "हिरवा चहा पुण्याहून कशाला आणायचा? अंगणात माजलाय की!"

त्यांचं तरी काय चुकलं? आमच्या बीडला हिरवा चहा म्हणजे गवती चहा. डालड्याच्या जुन्या डब्यात लावलेला, सर्दी-पडसं झालं की चार पाती तोडून आल्याबरोबर उकळायचा. पण ते आपलं गवत. लेकीनं आणलेला खरोखरीचा चहा, आसामात नि कांगड्यात होतो त्याच झुडपाचा. नेहमीच्या पावडरीसाठी ती पानं चुरून काळी पडू देतात. यासाठी खुडल्या खुडल्या वाफ किंवा आच देतात, म्हणून हिरवी राहतात.

पहिल्या दिवशी मी तो आपल्या रीतीनं खळखळा उकळला. कडूजहर! लेकीनं मग शिकवलं. पाणी उकळून उतरवायचं, जरा निवू द्यायचं, पानं टाकून दोन-तीन मिनिटं झाकायचं. दूध नाही, साखर नाही. ह्यांनी एक घोट घेऊन कप खाली ठेवला.

मला मात्र वजन उतरवायचं होतं ना! जेवणावर लगेच घ्यावा असं कुणीतरी सांगितलं. दोन्ही वेळा घेतला, दोन महिने. ब्लाऊज होते तेवढेच घट्ट राहिले. वर जिना चढताना धाप लागायला लागली, डोळ्यांपुढे अंधारी यायची. रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन ८.६! बाईला १२ तरी हवं.

डॉक्टरीणबाईंनी आधी पाळीचं विचारलं. वर्षभर जास्त जात होतं, पण मी कुणाला बोललेच नव्हते. तुम्ही तरी बोलता का? मग विचारलं, "चहा कधी घेता?" चहातला तुरटपणा भाकरी-पालेभाजीतलं लोह अंगी लागू देत नाही म्हणे. काळा असो, हिरवा असो. म्हणजे एकीकडून रक्त जात होतं, अन् दुसरीकडून भरून यायची वाट मीच अडवत होते.

२०१९-२१ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५४ बायकांना रक्त कमी निघालं. आणि आपली न्याहारी काय, तर चहा-चपाती! आपल्या जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या बायांचं तर बोलायलाच नको.

आता पाळीवर औषध चालू आहे. लोहाची गोळी लिंबाच्या पाण्याबरोबर घेते. जेवण आणि चहा यांत तास-दीड तास जाऊ देते. हिरवा चहा सोडलेला नाही, चार वाजता एक कप घेते, चव आवडली म्हणून.

परवा सासूबाईंनीही माझ्या कपातला घोटभर चाखला. म्हणाल्या, "पाणी तापलंच नव्हतं का गं?" आणि उठून अंगणात पाती तोडायला गेल्या.