मागें पाहण्याची सोय

मनुष्याचे डोळे पुढें आहेत. मागें पाहावयाचें तर मान वळवावी लागते. पायीं चालणाऱ्याला एवढी व्यवस्था पुरते, बैलगाडी हांकणाऱ्यालाहि पुरते. वेग वाढला म्हणजे मात्र मान वळवण्यापुरताहि अवकाश उरत नाहीं, आणि तळहाताएवढ्या कांचेवर जिवाचा भरंवसा ठेवावा लागतो. १९०९ सालीं डॉरोथी लेव्हिट या इंग्रज बाईंनीं स्त्रियांसाठीं मोटारीवर एक पुस्तक लिहिलें. गर्दींतून जातांना जवळ लहानसा हातआरसा असूं द्यावा व मधून मधून तो उचलून मागचा रस्ता न्याहाळावा, असा सल्ला त्यांनीं त्यांत दिला आहे. दोनच वर्षांनीं, १९११ सालीं, अमेरिकेंत इंडियानापोलिस येथें ५०० मैलांची शर्यत झाली. इतर स्पर्धकांनीं मागें लक्ष ठेवण्यास शेजारीं मेकॅनिक बसवले होते. रे हारून हा गृहस्थ एकटाच बसला, आणि त्यानें गाडीवर आरसा लावला. शर्यत त्यानेंच जिंकली. परंतु विटांच्या त्या मार्गावर आरसा इतका थरथरत होता कीं त्यांत कांहींच दिसलें नाहीं, असें त्यानें मागाहून सांगितल्याचें प्रसिद्ध आहे. सारांश, आरसा असणें निराळें आणि आरशांत दिसणें निराळें.

हा भेद आमच्या घरांत गेल्या वर्षीं मोठ्या वादाचा विषय झाला. आमचे काका १९७० सालीं डॉक्टर म्हणून विलायतेस गेले आणि बर्मिंगहॅमजवळ स्थायिक झाले. त्यांच्यापाशीं १९७२ सालची एम. जी. बी. गाडी आहे: दोन आसनांची, टप उघडतां येणारी, गर्द हिरव्या रंगाची. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गांवीं १९६२ पासून १९८० पर्यंत या जातीच्या पांच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. तरी काकांच्या लेखीं ती जगांत एकच आहे. डावीकडच्या आसनावर चाळीस वर्षें काकू बसत असत. “अहो, मागून सायकलवाला येतोय,” हें त्यांचें पालुपद. हारूनच्या प्रतिस्पर्ध्यांनीं मेकॅनिकला जें काम दिलें होतें, तें काकू बिनबोभाट करीत होत्या. त्या गेल्या, आणि मागचें पाहण्याचा सगळा भार दोन आरशांवर येऊन पडला.

काका आतां ८३ वर्षांचे आहेत. दृष्टि चांगली आहे. पण संधिवातानें मान धरली आहे, ती पुरती वळत नाहीं. त्यांतच दोन्ही आरसे सैल झाले. गाडी पन्नास मैलांच्या वेगाला पोंचली कीं उजव्या आरशांत रस्त्याऐवजीं आकाश दिसूं लागे, आणि डावा तर उभ्या गाडींतहि इंजिनाबरोबर कांपे. चुलतबंधूंनीं गाडी विकण्याची गोष्ट काढली. वहिनींनीं त्यांस दुजोरा दिला. काका शांतपणें म्हणाले, “अरे, माझी मान वळत नाहीं हें खरें, पण माझा मान तेवढा राहूं द्या.”

यावर कोणास उत्तर सुचलें नाहीं. कायद्याची मदत घ्यावी, तर त्या देशीं सत्तरी उलटल्यावर दर ३ वर्षांनीं परवाना नवा करून घ्यावा लागतो, तो काकांनीं रीतसर करून घेतलेला. गाडी ४० वर्षांहून जुनी असून तिच्या रचनेंत मोठा फेरबदल झालेला नसेल, तर तिला २०१८ पासून वार्षिक तपासणीचीहि सक्ती राहिलेली नाहीं. मात्र ती रस्त्यावर निर्धोक ठेवण्याची जबाबदारी मालकावरून सुटत नाहीं. आम्ही त्या सुमारास तेथें होतों. विक्रीचा विचार आरसे घट्ट झाल्यावर करावा, असें आम्हीं सुचवलें, व तें उभयपक्षीं मान्य झालें.

आरसा सैल म्हटला कीं स्क्रू पिळण्यास धांवावें, ही सर्वसाधारण रीत आहे. परंतु सैलपणा कोठें आहे हें आधीं पाहिलें पाहिजे. एका हातानें आरशाची बैठक धरावी, दुसऱ्यानें डोकें हलवावें. बैठक हलत असेल तर दोष दाराच्या पत्र्यांत. डोकेंच हलत असेल तर दोष सांध्यांत. आणि नुसती कांच वाजत असेल तर तिच्यामागचें रबर सुकलेलें. उजव्या आरशाचा रोग सांध्यांत होता. तेथें एक गोळी वाटींत बसलेली असते व स्प्रिंग तिला दाबून धरते. वाटी झिजली, स्प्रिंग दमली, कीं वारा आरशाला हवा तसा फिरवतो. डाव्याचा रोग पत्र्यांत होता. दाराचा पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाड. त्यांत स्क्रूचे आटे कितीसे धरणार? ते झिजले म्हणजे पुष्कळ लोक अधिक जाड स्क्रू पिळतात, आणि छिद्र दर खेपेस मोठें होत जातें.

यावर खरा उपाय म्हणजे रिव्हेट नट. आंतून आटे पाडलेली ही आंखूड नळी छिद्रांत बसवून हत्यारानें दाबली कीं ती पत्र्यामागें फुगते व पत्र्याला घट्ट पकडते; मग स्क्रूचा भार पत्र्याच्या कडेवर न पडतां नळीवर पडतो. आम्हीं छिद्राभोंवतालचा गंज घासून काढला, उघड्या पत्र्याला प्रायमर लावला, नळ्या बसवल्या, बैठकीखालीं नवें रबर घातलें. स्क्रूच्या आट्यांना निळा द्रव थेंबभर लावला. तो वाळला म्हणजे थरथरीनें स्क्रू सुटत नाहीं, पण पान्ह्यानें सोडवतां येतो. लाल द्रव मिळतो तो इतका चिवट कीं सोडवण्यास आंच द्यावी लागते. रंगवलेल्या दाराजवळ तें नको.

चुलतबंधूंचें म्हणणें, नव्या गाडीचे विजेवर फिरणारे मोठे आरसेच कां बसवूं नयेत? त्यांना वजन अधिक, वाऱ्याला अडवणारें अंग अधिक, आणि शिवाय दाराला नवीं भोकें. पातळ पत्र्याला तो भार सोसत नाहीं. अखेर जुन्याच छिद्रांवर बसणारे, तशाच चकचकीत धाटणीचे नवे आरसे आणले. फरक केला तो कांचेंत. सपाट कांच मागचें अंतर खरें दाखवते, पण दृश्य अरुंद. बहिर्गोल कांच बाजूचा बराच विस्तार सामावून घेते, पण वस्तु लहान व म्हणून लांब भासतात. मान वळत नाहीं त्याला विस्तार हवा. म्हणून बाहेर दोन्हीकडे बहिर्गोल, आणि आंतला मधला आरसा सपाट: बाहेरच्यांनीं कोणी आहे हें सांगावें, आंतल्यानें किती जवळ आहे हें सांगावें.

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. ३० मैलांवर जितका, त्याच्या चौपट ६० मैलांवर. तेव्हां परीक्षा ६० मैलांवरच घ्यावयाची ठरली. आम्ही काकूंच्या जागीं बसलों. आरसे जागचे हलले नाहींत. काका मान न वळवतां म्हणाले, “मागें लाल गाडी आहे, हांकणारा घाईंत दिसतो. जाऊं द्या त्याला पुढें.” आम्हीं वळून पाहिलें, तसेंच होतें.

त्या संध्याकाळीं जेवतांना, कोणी विषय काढण्यापूर्वींच, काकांनीं आपला निर्णय सांगितला: मोठ्या महामार्गावर जाणें नाहीं, अंधार पडल्यावर गाडी काढणें नाहीं, “आणि आरशांत दिसूनहि मला उमगेनासें होईल, त्या दिवशीं किल्ली मी आपल्या हातानें सुनबाईच्या स्वाधीन करीन.” वहिनींचे डोळे भरून आले. विक्रीची गोष्ट पुन्हां निघाली नाहीं.

वडील माणसांच्या हातून एकादी वस्तु काढून घेण्याचा प्रसंग प्रत्येक घरीं कधीं ना कधीं येतो: कोठें तिजोरीची किल्ली, कोठें स्वयंपाकघर, कोठें मोटार. काढून घेण्यापूर्वीं ती वस्तु दुरुस्त करून एकदां त्यांच्या हातीं द्यावी. आपली मर्यादा कोठें आहे, हें पुष्कळदां त्यांना आपल्याहून अधिक स्वच्छ दिसतें. आरसा तेवढा स्थिर हवा.