दोन मण्यांमधली गाठ

पटव्याचा तिसरा हात म्हणजे त्याच्या पायाचा अंगठा. रेशमाचा फास अंगठ्यात अडकवायचा, पाय थोडा लांब करून दोरा ताणायचा, की दोन्ही हात मणी ओवायला आणि गाठी मारायला मोकळे. पानिपतच्या जुन्या भागात, बू अली शाह कलंदरच्या दर्ग्याकडे वळणाऱ्या बाजारात, एका माडीवर सतरंजी अंथरून बसले आणि हे शिकले. शिकवणारी पटव्यांच्या घरातली सून. खाली सासऱ्यांचं दुकान. वर ती शेजारपाजारच्या मुलींना, आणि माझ्यासारखी कुणी वाटसरू आली तर तिलाही, माळ गाठवायला शिकवते. मराठी माणूस पानिपतला येतो तो काला आंबचं युद्धस्मारक पाहून, हात जोडून, संध्याकाळच्या आत दिल्लीला परततो. मी शहरात राहिले ते या माडीमुळे.

दागिना सोनार घडवतो असं आपण म्हणतो, पण सोनाराच्या हातून सुटताना तो पुष्कळदा कागदाच्या पुडीत सुटा असतो. बोरमाळेचे मणी, मोहनमाळेचे मणी, पुतळ्या, तन्मण्याचं खोड. हे सगळं गळ्यात घालण्याजोगं होतं ते पटव्याकडे, आपल्याकडच्या पटवेकऱ्याकडे. रेशीम पिळायचं, मणी गाठवायचे, सर सारखे करायचे, मागे गोफ विणायचा, गोंडा सोडायचा, सैल-घट्ट करायला सरकती गाठ ठेवायची. सोनं पिढ्यान् पिढ्या टिकतं, दोरा मात्र झिजतो आणि बदलावा लागतो. त्यामुळे आजीच्या बोरमाळेतलं सगळ्यात ताजं काम नेहमी पटवेकऱ्याचं असतं. यंत्रावर घडलेल्या, आकड्यात कडी अडकवून संपणाऱ्या हारापेक्षा मागे लाल रेशमाचा गोंडा असलेली साधी ठुशी मला कितीतरी देखणी वाटते. तो गोंडा घालणारीला दिसत नाही. मागून चालणाऱ्यांसाठी असतो तो.

पहिला धडा मोत्यांचा होता. मोती साधे, पिकवलेले. पण शिकवण्यात कसर नव्हती. एक दाणा ओवला की दोऱ्याचा सैल फास टाकायचा, फासात सुईचं टोक घालायचं, त्या टोकाने फास सरकवत सरकवत मोत्याच्या अगदी अंगाशी आणायचा, आणि सुई हळूच काढून घेत गाठ बसवायची. मग पुढचा दाणा. पुन्हा गाठ. गाठ दूर पडली तर मोती हलतो आणि त्याच्या भोकाची कड रेशमाला कापत राहते. गाठ जवळ बसली तर मोत्याला मोती घासत नाही, झळाळी टिकते. आणि मुख्य कारण तिने सगळ्यात शेवटी सांगितलं, तेही मान वर न करता. "टूटे तो एक गिरे, दीदी." दोरा तुटला तर एकच दाणा पडावा, बाकीचे जागच्या जागी राहावेत.

हे वाक्य पानिपतात ऐकायचं!

१४ जानेवारी १७६१ला मराठे आणि अहमदशाह अब्दाली यांच्या लढाईत इथे काय झालं ते नानासाहेब पेशव्यांना कळलं दहा दिवसांनी, भेलशाजवळ, एका सावकारी पत्रातून. व्यापाऱ्यांची सांकेतिक भाषा होती ती: मोती दोन गेले, मोहरा गेल्या, आणि रुपये नि खुर्दा यांची तर मोजदादच नाही. दोन मोती म्हणजे त्यांचा मुलगा विश्वासराव आणि चुलतभाऊ सदाशिवराव भाऊ. मोहरांची नावं इतिहासाने लिहून ठेवली आहेत: जनकोजी शिंदे, तुकोजी शिंदे, इब्राहिमखान गारदी, यशवंतराव पवार, समशेरबहाद्दर. नानासाहेब त्याच वर्षी २३ जूनला पर्वतीवर वारले. खुर्द्याची नावं कुणाकडे नाहीत.

ते मोती नुसते सांकेतिकही नव्हते. अवधचा नवाब शुजाउद्दौला याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने या लढाईचा फारसीत वृत्तान्त लिहिला आहे. रणांगणावर भाऊसाहेबांचा देह शोधला जात होता तेव्हाची हकिगत त्यात आहे. एक प्रेत हलवलं आणि त्याच्याखाली मोलाचे मोती निघाले. हा कुणी मोठा माणूस असणार, हे त्या दाण्यांवरून ताडलं गेलं. मी ते वाचलं तेव्हा सुटे मोती एवढंच डोक्यात राहिलं होतं. आता हातात सुई असताना पहिला प्रश्न मनात आला तो त्यांच्या दोऱ्याचा.

सोन्यारुप्याची ही सगळी मोहीमच वितळण्याची आहे. १७६०च्या पावसाळ्यात भाऊसाहेब दिल्लीत होते, फौजेला द्यायला पैसा नव्हता, तेव्हा लाल किल्ल्यातल्या दिवाण-ए-खासचं चांदीचं छत उतरवून त्याचे रुपये पाडले गेले. पुढे पानिपतच्या छावणीत अब्दालीने कोंडी केली, रसद तुटली, आणि छावणीतले सोन्याचांदीचे जिन्नसही मुशीत गेले. छावणीत बायका होत्या. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई होत्या. अठरा वर्षांच्या नाना फडणविसांची आई आणि बायको होती, आणि त्यातली आई पुन्हा त्यांच्या हाती लागली नाही. कुणाच्या गळ्यातलं काय मुशीत गेलं याचा हिशेब कुठे मिळेल? पण मुशीत रेशीम घालत नाहीत. ते आधी कापून बाजूला टाकावं लागतं. त्या थंडीत इथल्या मातीत किती गोंडे पडले असतील. पार्वतीबाई वाचल्या, परतल्या, आणि नवऱ्याचा मृत्यू त्यांनी अखेरपर्यंत मानला नाही. सौभाग्याची लेणी उतरवली नाहीत. पुढे भाऊसाहेब म्हणवून घेणारा तोतया उभा राहिला, पेशवाई हादरली, १७७६ साली त्याला देहदंड झाला. लोक तोतयावर नाटकं लिहितात. मला त्या बाईच्या न तुटलेल्या दोऱ्याबद्दल जास्त आदर आहे.

माडीवरची ती गाठ माझ्या बोटांना मात्र नवी नव्हती. मला आठवली साताऱ्याची आत्या आणि तिचे हलव्याचे दागिने.

डिसेंबर सरत आला की आत्याच्या माजघरात शेगडी यायची. निखाऱ्यांवर राखेचा थर, त्यावर पितळेची परात, परातीत मूठभर खसखस किंवा तीळ. शेजारी साखरेचा पातळ पाक. त्यात दूध घालून मळी काढलेली, म्हणून तो स्वच्छ, पाण्यासारखा. एकेक चमचा पाक टाकायचा आणि पाचही बोटांनी दाणे हलवत राहायचं. थांबायचं नाही. आंच जास्त झाली तर साखर पिवळी पडते, कमी झाली तर काटा फुटत नाही. आभाळ आलं की आत्या शेगडी विझवायची. ढगाळ हवेत काटा धरत नाही, असं तिचं म्हणणं होतं, आणि या एका बाबतीत तिचं आणि आभाळाचं कायम पटायचं. दिवसामागून दिवस दाणा वाढायचा, आणि एका सकाळी परातीत पांढरेशुभ्र काटेरी तारे असायचे. साबुदाण्यावरचा हलवा वेगळा, लवंगेवरचा वेगळा. लवंगेचा लांबट दाणा कर्णफुलांत शोभायचा, खसखशीचा बारीक दाणा नथीला.

मग दागिने. हलव्याला भोक पाडता येत नाही, फुटतो. म्हणून दोऱ्याचे दोन पदर घ्यायचे, दोघांच्या मध्ये दाणा धरायचा आणि गाठ मारायची. पुढचा दाणा, पुढची गाठ. करकचून आवळली तर काटे मोडतात, सैल ठेवली तर दाणा गळतो. दुपारी अंगणाच्या बाजूला उन्हात पाट टाकून आत्या बसायची आणि तिच्या मांडीवर हळूहळू ठुशी, तन्मणी, बाजूबंद, वाक्या, कंबरपट्टा, बिंदी असं सगळं उमटत जायचं. गल्लीतल्या प्रत्येक नव्या नवरीचे पहिल्या संक्रांतीचे दागिने तिच्याकडचे. प्रत्येक बाळाच्या बोरन्हाणाचा मुकुट आणि बासरी तिच्याकडची. काळ्या चंद्रकळेवर ते पांढरे दागिने घालून नवरी ओट्यावर आली की सोनं फिकं पडायचं. आत्याने कुणाकडून पैसे घेतले नाहीत. वाटीभर तीळ घ्यायची, गुळाचा खडा घ्यायची.

आणि आम्हा मुलांचा खरा सण हळदीकुंकू आटोपल्यावर. दागिने मोडून खायचे! तन्मणी कुणी खायचा, वाक्या कुणाच्या, यावर भांडणं. दाणे संपले की दोरा उरायचा, गाठीगाठींत साखर धरून बसलेला. तो आम्ही चोखायचो. दागिन्याचा दोरा गोड असतो, हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत आहे.

हल्ली हलव्याचे दागिने दुकानात मिळतात. मखमली पुठ्ठ्यावर डिंकाने दाणे चिकटवलेले, कडेला टिकल्या, वर सोनेरी कागद. फोटोत छान येतात. ते खाता येत नाहीत, आणि त्यात एकही गाठ नसते. मला ते आवडत नाहीत.

हे सारं मी मोडक्यातोडक्या हिंदीत तिला सांगितलं. तिला नवल वाटलं ते एकाच गोष्टीचं: भोक न पाडता दाणा बांधायचा कसा? हलवा कुठून आणणार. पण दर्ग्याच्या वाटेवर चढवायला इलायचीदाणा विकतात, पांढऱ्या साखरेच्या गुळगुळीत गोळ्या. खालच्या पोराने पुडी आणून दिली. दोन पदर, मध्ये दाणा, गाठ. मी थोडी सर करून दाखवली. तिने एकदा पाहिलं, अंगठ्यात फास घातला, आणि तिच्या हातून ती सर अशी सुटत गेली जशी पाटावरून शेवई. गुळगुळीत दाणा, धरायला काटा नाही, तरी एक गळला नाही. आत्या असती तर तिने या सुनेला तिथल्या तिथे वाटीभर तीळ दिले असते.

तेवढ्यात जिन्यावरून एक वयस्क बाई आल्या. रुमालात बांधलेली गलसरी त्यांनी सतरंजीवर ठेवली. कापडी पट्टीवर सोन्याचे चौकोनी तुकडे ओळीने शिवलेले, पट्टी विटलेली, मागची दोरी तुटलेली. आपल्या वज्रटिकेला बहीण शोभेल अशी. सासूची होती, आता नातीच्या लग्नासाठी नव्या पट्टीवर बसवायची होती. मी महाराष्ट्रातली म्हटल्यावर त्यांनी माझा हात धरला. त्या रोड समाजाच्या. या भागात, कर्नाल-पानिपतच्या गावांतून, रोड समाजातले पुष्कळजण आपले पूर्वज पानिपतानंतर इथेच राहिलेले मराठे होते असं सांगतात. १४ जानेवारीला काला आंबला जमतात. इतिहासकारांचं त्यावर एकमत नाही. त्या बाईंना एकमताची वाट पाहायची नव्हती. "तू माहेरची," म्हणाल्या, आणि गलसरी माझ्या गळ्याला लावून पाहिली. खुर्द्याची मोजदाद नाही असं लिहिणाऱ्या त्या सावकाराला हा हिशेब कुणीतरी कळवायला हवा.

दर्ग्यात गेले ते संध्याकाळी. तिथे कसोटीच्या दगडाचे काळे खांब आहेत. सोनाराच्या पेटीत बोटभर तुकडा असतो तो दगड. त्यावर सोनं घासलं की रेघ उमटते आणि रेघेवरून कस कळतो. इथे तो खांब होऊन उभा आहे, आणि लोक त्याला कपाळ टेकतात, हात लावतात, मन्नत मागतात. सोन्याचा कस घेणाऱ्या दगडाकडे माणसांनी असं जावं हे मला फार आवडलं.

पण आजचं पानिपत सोन्याचं नाही, सुताचं आहे. परदेशांतले टाकून दिलेले कपडे इथे गाठोड्यांनी येतात. बायका ते रंगानुसार वेगळे करतात, चेन आणि बटणं कापून काढतात. मग लोकर पिंजून पुन्हा सूत आणि त्याच्या घोंगड्या, ब्लँकेटं. लाल स्वेटरांचं लाल सूत, निळ्यांचं निळं, म्हणून पुष्कळदा नव्याने रंगवावंही लागत नाही. कापलेल्या बटणांची पोती माडीच्या कोपऱ्यात होती. शिकायला येणाऱ्या मुली आधी बटणांवर हात बसवतात. शिंपल्याची, लाकडाची, पितळेची, कुठल्या कुठल्या देशांतल्या थंडीत कुणाच्या छातीवर लावलेली ती बटणं, दर दोन बटणांमध्ये एक गाठ. एका मुलीच्या गळ्यात तशी माळ होती. सराफी पेढीतल्या कितीतरी हारांपेक्षा ती मला सुंदर वाटली, आणि हे मी तिच्या मनासाठी म्हणत नाही.

मजुरी कशी घेता, असं मी खाली सासऱ्यांना विचारलं. सरीवर, म्हणाले, दागिना सोन्याचा असो की पितळेचा, गाठी तेवढ्याच. सोन्याचा भाव रोज पेपरात छापून येतो. सराफाच्या पावतीवर वजन, कस, घडणावळ, कर अशा सगळ्या ओळी असतात. संग्रहालयातल्या पेशवेकालीन दागिन्यांखाली धातू लिहितात, खडे लिहितात, काळ लिहितात. गाठवणाऱ्यासाठी एक ओळ हवी. पावतीवरही हवी, पाटीवरही हवी. आणि तुमच्या गावात पटवेकरी अजून टिकून असेल, तर आईची मोहनमाळ घेऊन त्याच्याकडे जा. तो म्हणेल, ठेवून जा, संध्याकाळी या. उठू नका. त्याच्या समोर बसा आणि गाठी बघा.