मोहाआधीचं अंगण

घर झपाट्यानं साफ कसं करावं असं विचारलं, की सगळे हातांबद्दल बोलू लागतात. कुठलं फडकं घ्यावं, कुठली पावडर टाकावी, दिवसाला किती खोल्या उरकाव्यात. मला वाटतं, हातांच्या वेगानं यात फार थोडा फरक पडतो. घर किती लवकर रिकामं करता येतं आणि काम कुठल्या टोकापासून सुरू होतं, यावर सगळा वेळ ठरतो. हे नीट पाहायचं तर शहरातल्या दिवाळीच्या आवराआवरीपेक्षा गडचिरोली जिल्ह्याच्या भामरागड तालुक्यातलं हेमलकसा आणि त्याच्या आसपासची माडिया आदिवासींची गावं जवळची वाटतात. २३ डिसेंबर १९७३ला बाबा आमट्यांनी इथं लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला, आणि उरलेल्या महाराष्ट्राला हे नाव दवाखान्यामुळे, शाळेमुळे माहीत झालं. इथल्या घराअंगणाकडे मात्र तेवढं लक्ष गेलं नाही. या भागात घर झाडायला, सारवायला भाग पाडणारा मोठा हंगाम वसंतात येतो, आणि त्यामागे पाहुणे नसतात. मोह असतो.

मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं रात्रभर टपटपतात आणि पहाटे वेचावी लागतात. ताजं फूल फिकट पिवळसर, गुबगुबीत आणि रसानं चिकट असतं. त्याला माती लागली की ती सुटत नाही, वाळल्यावर तर दाताखाली कचकचते आणि भावही पडतो. म्हणून फूल घरी येण्याआधी अंगण तयार हवं: झाडलेलं, खड्डे बुजवलेलं, शेणमातीनं सारवून कडक वाळलेलं. शेणातल्या तंतूंमुळे माती धरून राहते, भेगा कमी पडतात, आणि फूल तीन-चार दिवसांत तांबूस होऊन आकसेपर्यंत ते अंगण एखाद्या ताटासारखं वापरता येतं. इथं सफाईला मुदत आहे, आणि ती मुदत झाड ठरवतं. घरातलं कुणी ‘पुढच्या रविवारी बघू’ म्हणू शकत नाही. झाडाखालची जमीन मोकळी करण्यासाठी मात्र पालापाचोळा पेटवून देण्याची जी रीत आहे, ती मला या सगळ्यातली सर्वांत महागडी घाई वाटते. झाडू फिरवण्याचा अर्धा दिवस वाचतो, पण आग जंगलात शिरली की रोपं जातात, पुढच्या पिढीचे मोहही त्यात जातात. तिथं फडा किंवा खराटाच हवा, किंवा फुलं झेलणारी जाळी. घाई आणि कार्यक्षमता यांतला फरक याहून उघडा क्वचित दिसतो.

मोह संपला की मे महिन्यात तेंदूपत्ता, आणि त्यातच पावसाआधी कवेलू, म्हणजे छपरावरची कौलं, फेरायचं काम. इथं क्रम शिकावा. कवेलू हलवले की वर्षभराची काजळी, जळमटं, उंदरांनी ओढून नेलेला कचरा, कधी एखादा विंचू, सगळं खाली येतं. त्यामुळे आधी छप्पर, मग भिंतींचं लिंपण, शेवटी जमीन. सारवणारी बाई सर्वांत आतल्या कोपऱ्यातून सुरुवात करते आणि उकिडवी बसून मागे मागे सरकत येते. तळहाताच्या प्रत्येक फेऱ्याचं एक अर्धवर्तुळ ओल्या जमिनीवर उमटतं, दुसरं त्याच्यावर थोडं चढतं, आणि शेवटचा हात उंबऱ्यापाशी पडतो तेव्हा ती घराबाहेर असते. ओल्या जमिनीवर परत पाय ठेवता येत नाही, म्हणून चुकायला जागाच नाही. आपल्याकडे आधी फरशी पुसतात आणि मग पंख्याची धूळ झाडतात. अर्धा दिवस तिथंच जातो.

यावर पहिला आक्षेप असा, की या घरांत वस्तूच कमी, म्हणून सफाई सोपी. हा टंचाईचा परिणाम, त्यात शहाणपण कुठलं? आक्षेपात तथ्य आहे. टंचाईला सद्गुण म्हणणं मला मान्य नाही. पण वस्तूंची संख्या हा अर्धाच मुद्दा. आढ्याला टांगलेली टोपली, बांबूची धान्याची ढोली, दोरीवरचे कपडे, यांतलं बहुतेक काही जमिनीला चिकटून बसलेलं नसतं आणि समोर अंगण असतं. सामान बाहेर काढलं की आत नुसत्या भिंती उरतात. फ्लॅटमध्ये अंगण नाही, म्हणून आपण धूळ एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हलवत राहतो. तिथंही एक खोली पूर्ण मोकळी करून तिला अंगण मानलं, तर निम्मं काम होतं. आजोबांच्या ट्रंकेचं काय करायचं, हा प्रश्न झाडताना सुटत नाही. घराचा खरा वेळ असे निर्णय खातात, म्हणून ज्यांच्या त्या वस्तू आहेत ती माणसं त्या दिवशी हजर हवीत.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि त्याला माझ्याकडे पळवाट नाही. या सगळ्या सुबक क्रमाचा भार बाईवर पडतो. जी मुलगी सारवलेल्या जमिनीवर रांगते, तीच सात-आठ वर्षांची झाली की आईच्या मागे बसून शेणमातीत हात घालते, सासरी गेल्यावर ते घर सारवते, आणि म्हातारपणी गुडघे साथ देईनासे झाले की दारात बसून सुनेला कोपरा राहिल्याचं सांगते. एका आयुष्यात तेच अर्धवर्तुळ किती हजार वेळा काढलं जातं! घरकुलातली सिमेंटची जमीन दिसायला रुक्ष असेल, पण तिनं त्या कमरेला विसावा दिला, आणि सारवणाच्या सौंदर्यासाठी तो काढून घ्यावा असं मी म्हणणार नाही. घर लवकर साफ होतं याचा अर्थ एकच बाई लवकर दमते असा असेल, तर तो हिशेब चुकला आहे. कवेलू फेरायला पुरुष चढतातच. लिंपायलाही त्यांनी बसावं.

आता या जुन्या क्रमात एक नवं काम शिरलं आहे. गडचिरोली हा राज्यात हिवतापाचा मोठा भार सोसणारा जिल्हा, आणि पावसाच्या सुमारास घरोघरी भिंतींवर कीटकनाशकाची फवारणी होते. डास भिंतीवर विसावतो, तिथंच औषध असावं लागतं, आणि डीडीटीसारख्या औषधाचा परिणाम दहा ते बारा आठवडे टिकतो. मात्र वरून एक हात माती फिरली, की औषध मातीखाली गाडलं जातं. स्वच्छ घर ठेवणाऱ्या बाईच्याच हातून हे घडतं. तिला दोष देणं सोपं आहे. पण सणाच्या आधी भिंत डागाळलेली ठेवायची कशी, आणि धान्य नि देव असलेल्या आतल्या खोलीत परक्या माणसाला औषधाचा पंप घेऊन जाऊ द्यायचं कसं, हे तिचे प्रश्न खरे आहेत. उत्तर तारखांत आहे. फवारणीचा दिवस गावाला आधी, माडिया भाषेत, नीट सांगितला, तर लिंपण त्याआधी उरकता येतं. त्या दिवशी भांडी, ढोली, अंथरुणं अंगणात येतात आणि घर वर्षात कधी नव्हे इतकं मोकळं होतं. उंदरांची बिळं दिसतात ती तेव्हाच, आणि उंदरामागून मण्यार येते. जमिनीवर झोपणाऱ्या घरात ती रात्री चावली तर दुखतही नाही, म्हणून उशिरा कळतं. ती बिळं त्याच दिवशी बुजवावीत. फवारणी करणारे जाताना भिंतीवर तारीख आणि किती खोल्यांत औषध मारलं तो आकडा लिहून जातात. ते अक्षर पावसाळाभर तसंच दिसत राहायला हवं.