कांदळाला हवं गोडं पाणी

खाऱ्या पाण्याच्या टाकीत कांदळ लावलंय म्हटलं की लोक मिठाची चौकशी करतात. किती घालता, कुठलं घालता, खडेमीठ चालतं का? (नाही चालत. समुद्राचं पाणी म्हणजे नुसतं मीठ नव्हे.) पुण्यातल्या फ्लॅटमध्ये काही वर्षं ही रोपं सांभाळल्यावर मला मात्र असं वाटतं, की यातली खरी हमाली गोड्या पाण्याची आहे.

रोपं आत्याच्या गावची, रत्नागिरीच्या दक्षिणेला एका खाडीच्या तोंडावरची. पावसाळ्याच्या शेवटी तिथल्या वाळूत हातभर लांबीच्या हिरव्या-तपकिरी शेंगा येऊन पडतात. शेंग म्हणायची, पण असतं ते रोपच. कांदळाचं बी झाडावर असतानाच रुजतं, त्याचा दांडा महिनोन्‌महिने लोंबत वाढतो आणि मग सुटतो. खाली चिखल असला तर तिथेच मूळ धरायचं, पाणी असलं तर भरतीबरोबर निघायचं. कांदळवनाची तोड मुंबई उच्च न्यायालयाने 2018 साली राज्यभर बंद केली आहे, तेव्हा झाडाला हात लावायचा प्रश्नच नव्हता. वनरक्षकाला विचारून भरतीच्या रेषेवर सुकायला लागलेल्या दोन शेंगा उचलल्या. आत्या पडवीतून बघत होती. म्हणाली, "पुण्यात जळण मिळत नाही काय रे?"

टाकी दोनशे लिटरची. त्यात क्लाउनफिशची जोडी, थोडे मऊ प्रवाळ. शेंगांची खालची टोकं पाण्यात आणि शेंडे हवेत राहतील अशा बेतानं मागच्या काचेला चिमट्यांनी धरल्या. मुळं लवकर आली, पानांनी मात्र वाट पाहायला लावली. शेंडा लांबत राहिला आणि मग एकदाची समोरासमोर दोन पानं उलगडली. जाड, चकचकीत, टोकाला बारीकशी सुई, पाठीवर तपकिरी ठिपके.

मत्स्यालयाच्या दुकानात कांदळाची शिफारस होते ती 'नैसर्गिक फिल्टर' म्हणून. पाण्यातलं नायट्रेट झाड शोषून घेतं, हे खोटं नाही. पण वर्षभरात मोजकी पानं फुटणारं झाड किती शोषणार? मासे रोज खातात, रोज घाण करतात. खालच्या टाकीत मी कीटोमॉर्फा नावाचं दोऱ्यासारखं शेवाळ ठेवलंय. त्यातलं मूठ-मूठ कापून काढतो तेव्हा कांदळापेक्षा कितीतरी जास्त नायट्रेट बाहेर जातं. दुसरी समजूत म्हणजे कांदळ पाण्यातलं मॅग्नेशियम संपवतं, सबब त्याची बाटली घ्या. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 1.3 ग्रॅम मॅग्नेशियम असतं. म्हणजे माझ्या टाकीत पाव किलोच्या वर. पानातलं मॅग्नेशियम मिलिग्रॅममध्ये मोजावं लागेल. बाटली मी घेतली नाही.

आता गोड्या पाण्याकडे येतो. कांदळाला मीठ आवडतं असं नाही, ते मीठ सोसतं. स्वयंपाकघरातल्या आरओमध्ये पंप पाणी पडद्यावर दाबतो आणि मीठ अलीकडे राहतं. कांदळाची मुळंही नव्वद टक्क्यांहून जास्त मीठ बाहेरच ठेवतात, पण पाणी दाबून नव्हे, ओढून. पानांतून वाफ जाते, त्या ओढीनं खोडातल्या पाण्याचा स्तंभ ताणला जातो. समुद्राच्या पाण्यातून गोडं पाणी वेगळं काढायला हवेच्या दाबाच्या सुमारे पंचवीसपट जोर लागतो. झाडाला त्याहून जास्त लावावा लागतो. पेर शोलांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1965 मध्ये हा ताण मोजला तो भलत्याच सोप्या युक्तीनं. तोडलेली डहाळी बंद भांड्यात ठेवायची, कापलेलं टोक बाहेर काढायचं आणि टोकावर रस दिसेपर्यंत भांड्यातला वायूचा दाब वाढवत न्यायचा. तो रस जवळजवळ गोडा असतो.

हे वाचल्यावर एप्रिल-मे महिन्यांतली माझी धावपळ मला नीट कळली. पाणी गार राहावं म्हणून टाकीवर पंखा लावलेला असतो, पाणी भराभर उडून जातं आणि मीठ मागे राहतं. लिटरला पस्तीस ग्रॅमच्या वर खारटपणा चढू लागला की झाडाला आणखी जोर लावावा लागतो आणि नवी पानं थांबतात. मग रोज आरओचं पाणी ओतायचं, थेंबभर रिफ्रॅक्टोमीटरवर घेऊन खारटपणा तपासायचा. मीठ घालायची वेळ पाणी बदलतानाच येते, तीही अधूनमधून.

पानांवर पांढरी भुकटी दिसली की पाहुणे म्हणतात, वा, झाड मीठ बाहेर टाकतंय. ते काम तिवराचं. तिवराचं पान चाटलं तर खरंच खारट लागतं. कांदळाच्या पानांत मीठ टाकणाऱ्या ग्रंथी नसतात. माझ्याकडची भुकटी बुडबुड्यांच्या तुषारांची असते. ओल्या फडक्यानं पानं पुसून घ्यायची, पुन्हा गोडंच पाणी.

छाटणीचं मात्र मला अजून भय वाटतं. कांदळाच्या जुन्या लाकडाला नवे फुटवे येत नाहीत, त्यामुळे पानं असलेल्या भागातच शेंडा खुडावा लागतो. एका रोपाचा खुडला, त्याला दोन फांद्या फुटल्या. दुसरं दिव्यापर्यंत पोचलंय. ते खाडीत नेऊन लाव, असं बायको सुचवते. पण टाकीतली परदेशी शेवाळं आणि जीवजंतू मुळांबरोबर खाडीत जातील, तेव्हा ते करायचं नाही. मी दिवाच वर टांगला.

या पावसाळ्यात त्याच रोपाच्या खोडातून, पाण्याच्या वर चार बोटं, पहिलं आधारमूळ निघालं. कमान करून ते सरळ पंपाच्या दिशेनं खाली आलं. पंप डावीकडच्या काचेवर हलवला आहे. प्रवाळांना तिथला प्रवाह फारसा मानवलेला नाही, त्यांची जागा आता शोधायची आहे.