१०६० की ५८०? निकाल अजून लागतोच आहे!

गेले काही आठवडे मी भेटेल त्याला धरून एकच विषय काढते आहे. ऑफिसात, लोकलमध्ये, परवा तर लग्नाच्या पंगतीतसुद्धा. विषय आहे दोन जुन्या ग्राफिक्स कार्डांचा. एक एनव्हिडियाचं जीटीएक्स १०६०, जुलै २०१६ मध्ये आलेलं. दुसरं एएमडीचं आरएक्स ५८०, एप्रिल २०१७ मधलं. ऐकणारा आधी म्हणतो, 'अगं, इतकी जुनी कार्डं? त्यात काय बघायचं?' आणि मग मी सुटते! कारण मला जे सापडलंय ते सांगितल्याशिवाय राहवत नाही: कार्डाची लायकी ते बाजारात येतं त्या दिवशी ठरत नाही. खेळ बदलतात आणि जुन्या कार्डांचा निकाल पुन्हा नव्याने लागतो. या जोडीइतकं हे स्पष्ट दाखवणारं उदाहरण मी तरी पाहिलेलं नाही.

योग कसा जुळून आला पाहा. मावसभावाने नवं कार्ड घेतलं आणि त्याचं ६ जीबीचं १०६० माझ्याकडे आलं. त्याच सुमारास मी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरून ८ जीबीचं वापरलेलं ५८० आणलं. मशीन एकच: रायझन ५ ३६०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम, १०८०पीचा मॉनिटर. एक कार्ड काढायचं, दुसरं बसवायचं, जुने ड्रायव्हर पुसून नवे टाकायचे आणि तोच खेळ, तीच सेटिंग्ज, तीच गल्ली पुन्हा खेळायची. इतक्या साध्या उद्योगातून इतकं काही कळेल असं वाटलं नव्हतं!

आधी कागदावरचा हिशेब. १०६० मध्ये १२८० कोअर, ५८० मध्ये २३०४. गणिती ताकद मोजायची तर कोअर गुणिले घड्याळाचा वेग गुणिले दोन. बूस्ट वेग अनुक्रमे १७०८ आणि १३४० मेगाहर्ट्झ धरला की १०६० ची ताकद येते सुमारे ४.४ टेराफ्लॉप्स आणि ५८० ची ६.२. म्हणजे ५८० तब्बल ४० टक्क्यांनी पुढे! मेमरीचंही तेच. १०६० ची वाट १९२ बिटांची, सेकंदाला १९२ जीबी नेणारी. ५८० ची २५६ बिटांची, २५६ जीबी नेणारी. हे आकडे वाचून कुणीही म्हणेल की सामना एकतर्फी आहे.

पण २०१७ मध्ये तो एकतर्फी नव्हता. दोन्ही कार्डं तोडीस तोड होती, बऱ्याच खेळांत १०६० च वरचढ. कमी कोअर, अरुंद वाट, १८५ च्या जागी फक्त १२० वॅट वीज, आणि तरीही बरोबरी! एनव्हिडियाने हे साधलं कसं, ते वाचताना मी अक्षरशः खुर्चीवरून उठले. हे कार्ड पडद्यावरचं चित्र लहान लहान चौकोनांत वाटून घेतं आणि एकेका चौकोनाचं काम शक्य तितकं चिपमधल्याच कॅशमध्ये उरकतं. बाहेरच्या मेमरीकडे खेपा कमी, म्हणून अरुंद वाटही पुरते. शिवाय तयार पिक्सेल लिहिणारे घटक १०६० मध्ये ४८, ५८० मध्ये ३२. ताकद थोडी, पण वाया काही जाऊ द्यायचं नाही, असा सगळा बेत.

मग ५८० ची ती जादा ताकद गेली कुठे? ती पडून होती. माझ्या दृष्टीने सगळ्या गोष्टीतला सर्वांत सुंदर भाग हाच!

जीटीए ५ लावा. २०१५ साली पीसीवर आलेला, डायरेक्टएक्स ११ वर चालणारा खेळ. त्यात १०६० आजही पुढे राहतं. डायरेक्टएक्स ११ मध्ये कार्डाला हुकूम सोडण्याचं बरंचसं काम प्रोसेसरच्या एकाच कोअरवर पडतं. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरने हा भार फार हुशारीने हलका केला होता. एएमडीच्या ड्रायव्हरला ते तितकं जमलं नव्हतं. ५८० चे २३०४ कोअर कामाची वाट पाहत बसायचे.

आता रेड डेड रिडेम्प्शन २ लावा. पीसीवर आला नोव्हेंबर २०१९ मध्ये, आणि तो डायरेक्टएक्सऐवजी व्हल्कन या तंत्रावर चालवता येतो. मी सेंट डेनिस शहरात शिरले, ट्राम, गर्दी, ओले रस्ते, सगळं एकदम पडद्यावर आलं, आणि जिथे १०६० ला धाप लागत होती तिथून ५८० आरामात निघून गेलं. डोळ्यांना कळेल एवढा फरक! तीच दोन कार्डं, तेच मशीन, आणि पारडं दुसरीकडे झुकलेलं.

कारण व्हल्कन आणि डायरेक्टएक्स १२ मध्ये हुकूम सोडण्याचं काम प्रोसेसरच्या अनेक कोअरांत वाटता येतं. शिवाय एएमडीच्या या चिपमध्ये चित्र रेखाटण्याचं काम चालू असतानाच रिकाम्या कोअरांना दुसरं गणित देण्याची सोय थेट हार्डवेअरमध्ये आहे. जुलै २०१६ मध्ये डूम या खेळाला व्हल्कनचं अपडेट मिळालं तेव्हा एएमडीच्या कार्डांनी मोठी उडी घेतली होती. ती पुढच्या काळाची चाहूल होती. व्हल्कन उभं राहिलं तेच मुळी एएमडीच्या मँटल या तंत्राच्या पायावर.

आणखी एक धागा हाती लागला तेव्हा तर मी हरखूनच गेले. २०१३ चे प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन, दोघांचीही ग्राफिक्स चिप एएमडीच्या याच घराण्यातली. २०१६ च्या प्लेस्टेशन ४ प्रो मध्ये कोअर किती? २३०४! ५८० मध्ये आहेत तेवढेच. म्हणजे जगभरचे खेळ बनवणारे वर्षानुवर्षं याच घडणीच्या चिपमधून जास्तीत जास्त काम काढायला शिकत होते, आणि तेच खेळ पुढे पीसीवर येत होते. ५८० ची पडून राहिलेली ताकद अशी हळूहळू कामाला लागली.

आता मेमरी. इथे मला सरासरीचा फोलपणा कळला. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद. पण मधूनच एखादी फ्रेम ६० मिलिसेकंद घेऊन आली, तर सरासरी जवळपास तशीच राहते आणि खेळणाऱ्याच्या हाताला मात्र झटका बसतो. म्हणून एमएसआय आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर लावा आणि फ्रेमच्या आकड्याखाली फ्रेमटाइमची रेघ चालू करा. ती रेघ सपाट असेल तर खेळ गुळगुळीत. तिच्यात सुळके दिसले तर सरासरी कितीही असो, मजा गेली.

रेसिडेंट ईव्हिल ४ च्या २०२३ मधल्या नव्या अवतारात टेक्स्चरसाठी किती मेमरी द्यायची ते थेट निवडता येतं, आणि एकूण किती लागेल त्याची पट्टी समोर दिसते. मी टेक्स्चर एकेक पायरी वर नेत गेले. १०६० चे ६ जीबी संपेपर्यंत रेघ सपाट. ते संपले आणि रेघेवर सुळके! तीच पायरी ५८० वर लावली, तर रेघ सपाटच. मेमरी संपली की कार्डाला पीसीआय एक्स्प्रेसच्या वाटेने संगणकाच्या रॅमकडे जावं लागतं. तिथला वेग सेकंदाला जेमतेम १६ जीबी, आणि कार्डाच्या स्वतःच्या मेमरीचा १९२ किंवा २५६. फोडणी तडतडत असताना चिमूटभर हिंगासाठी कोपऱ्यावरच्या वाण्याकडे पळण्यातलाच प्रकार. २०१७ मध्ये ८ जीबी ही चैन वाटायची. आज तेच ५८० चं आयुष्य वाढवून बसले आहेत.

पण १०६० ला कमी लेखू नका! विजेचा हिशेब करू. कागदावरचा फरक ६५ वॅटचा. रोज तीन तास खेळलं तर महिन्याला साधारण सहा युनिटं. आपल्या बिलावरच्या दराने गुणून पाहा, रक्कम मोठी नाही. खरा प्रश्न पॉवर सप्लायचा आहे. १०६० ला एनव्हिडियाने ४०० वॅटचा सप्लाय सुचवला होता, आणि बहुतेक कार्डांना एकच सहा पिनांची जोडणी पुरते. ५८० साठी एएमडीची शिफारस ५०० वॅटची, आणि जोडणी निदान आठ पिनांची. घरात एखादा जुना ऑफिसचा डेस्कटॉप असेल तर एका पंख्याचं आखूड १०६० त्याला अलगद नवसंजीवनी देतं, तिथे ५८० चा निभाव लागणं कठीण. खेळ रेकॉर्ड करायचा किंवा थेट दाखवायचा असेल तरी १०६० चा एनकोडर सरस.

वापरलेलं कार्ड घरी आणल्यावर ते उघडून पाहण्यात जो आनंद आहे तो वेगळाच! ५८० च्या पाठीवर चिपभोवतीचे चार स्प्रिंगचे स्क्रू असतात. ते एकदम न काढता समोरासमोरचे थोडे थोडे सैल करत जायचे. कूलर सुटताना बारीकसा चरचर आवाज झाला, कारण जुनी थर्मल पेस्ट सुकून खपली झाली होती. पंख्याची नाजूक वायर आधी सोडवली. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसावर घेऊन हलक्या हाताने पुसत गेले, आणि राखाडी थराखालून चिप लखलखत वर आली. बाजू जेमतेम दीड सेंटिमीटर. तेवढ्यात ५७० कोटी ट्रान्झिस्टर! मी कितीतरी वेळ दिव्याखाली धरून बघत होते. नवी पेस्ट लावली, मेमरीवरचे तेलकट झालेले पॅड बदलले, पंख्यातली धूळ काढली, आणि त्याच खेळात तापमान दहाएक अंशांनी उतरलं. मग एएमडीच्या सॉफ्टवेअरमधून व्होल्टेज थोडं कमी केलं. वेग तोच, वीज कमी, पंखा शांत.

अशी कार्डं बाजारात इतकी का दिसतात, त्यालाही इतिहास आहे. ८ जीबी आणि रुंद वाट यांमुळे ५८० हे इथेरियमच्या मायनिंगवाल्यांचं लाडकं कार्ड होतं. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने मायनिंगची पद्धतच सोडली आणि कार्डं बाहेर पडली. म्हणून घेताना दुकानदाराला सरळ विचारायचं. मी विचारलं, 'दादा, मायनिंगचं आहे का?' ते म्हणाले, 'ताई, असेलही. लावून बघा, अर्धा तास चालवा, मग पैसे द्या.' मला हे उत्तर फार आवडलं. कार्डावर पूर्ण ताण टाकणारं फर्मार्क लावा, पंखे ऐका, पडद्यावर ठिपके किंवा पट्टे उमटतात का ते बघा. मायनिंगवाले कार्डाचा बायोस बदलायचे, तोही मूळचा आहे ना हे पाहून घ्या.

आणि कार्डाची खरी माहिती दाखवणारं जीपीयू-झेड उघडल्याशिवाय खिशात हात घालू नका, कारण नावं फसवी आहेत. १०६० चं ३ जीबीचं रूप येतं, त्यात मेमरी तर निम्मीच, कोअरही १२८० ऐवजी ११५२. '५८० २०४८एसपी' नावाचं एक कार्ड मिळतं, त्यात नावाप्रमाणेच २०४८ कोअर, म्हणजे खरं तर धाकटं आरएक्स ५७०. खोक्यावरचं नाव नको, शेडर्सच्या रकान्यातला आकडा वाचा: १२८० किंवा २३०४. जुन्या चिपवर दुसऱ्याच नावाचा बायोस टाकून विकलेली बनावट कार्डंही जीपीयू-झेड सहसा पकडतं.

मर्यादा आहेतच. किरणांचा माग काढणारं हार्डवेअर दोन्हींत नाही. त्यामुळे डिसेंबर २०२४ मधला इंडियाना जोन्स किंवा २०२५ मधला डूम: द डार्क एजेस यांच्यासाठी ही कार्डं नाहीतच. २०२३ मध्ये अॅलन वेक २ आला तेव्हा त्याला हवे असलेले मेश शेडरही दोन्हींत नव्हते. एएमडीने या पिढीचे ड्रायव्हर २०२३ मध्येच संथ वाटेला लावले, आणि ऑक्टोबर २०२५ पासून एनव्हिडियानेही १०६० च्या पिढीसाठी खेळांचे नवे ड्रायव्हर थांबवले. तरी एफएसआर हे चित्र मोठं करणारं एएमडीचं तंत्र दोन्ही कार्डांवर चालतं. हो, एनव्हिडियाच्या १०६० वरसुद्धा! प्रतिस्पर्ध्याच्या जुन्या कार्डालाही आणखी काही वर्षं देणारं असं तंत्र पाहिलं की मन भरून येतं. आणि लिनक्सवर ५८० चा मुक्त ड्रायव्हर अजून जिवंत आहे, तिथे त्याची गाडी सुरूच आहे.

तर घ्यायचं कुठलं? दोन्ही एकाच भावात मिळत असतील, पॉवर सप्लाय दणकट असेल आणि २०१८ नंतरचे मोठे खेळ खेळायचे असतील, तर डोळे झाकून पूर्ण २३०४ कोअरचं ८ जीबीचं ५८०. मशीन लहान, सप्लाय साधा, किंवा खेळ जुने आणि ऑनलाइन स्पर्धेचे असतील, तर ६ जीबीचं १०६०, आणि तेही मिरवत! विकत घेण्याआधी पहिल्या आठवड्यातलं परीक्षण वाचून निकाल धरू नका, आपण जे खेळ खेळतो त्यांतले आजचे आकडे बघा. किमतीला फ्रेमच्या आकड्याने भागा, एका फ्रेमला किती रुपये पडले ते समोर येतं, आणि मग जाहिरातीची गरजच उरत नाही. मी आता पुढच्या जोडीच्या मागे आहे: आरएक्स व्हेगा ५६ आणि जीटीएक्स १०७०. व्हेगाची मेमरी सेकंदाला ४१० जीबी नेते, १०७० ची २५६. कुणाकडे यांतलं एखादं कपाटात पडून असेल तर कळवा, पेस्ट आणि पॅड मी घेऊन येते!