काम प्रवरेचे, सही गोदावरीची

बी.कॉम. होऊन बँकेत चिकटलेल्या माणसाला जगाच्या दोनच बाजू दिसतात : नावे आणि जमा. टिपण कारकुनाने करायचे आणि सही साहेबांनी ठोकायची, हा रिवाज अंगवळणी पडल्यामुळे नेवाशाची प्रवरा मला सख्ख्या बहिणीसारखी वाटते. बिचारीची सगळी हयात कारकुनीत गेली.

आल्प्समधली इन नदी बघा. तिच्यावर पूल झाला, पुलापाशी शहर वाढले आणि त्याचे नावच पडले इन्सब्रुक, म्हणजे इनवरचा पूल. याला म्हणतात चोख हिशेब! आमची प्रवरा तरी कुठे ऐऱ्यागैऱ्या घरची? तिचे माहेर सह्याद्रीत, रतनगडाच्या कुशीत. राज्यातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई तिची शेजारीण. पण भंडारदऱ्याला 1926 साली तिच्यावर धरण पूर्ण झाले, ते विल्सनसाहेबांच्या नावाने. नोकरीच्या पहिल्याच टेबलावर साहेब आडवा आला म्हणायचा!

खाली नेवाशाला तर तिने अख्खे गाव पोसले. डॉ. ह. धी. सांकळिया यांनी 1954 ते 1956 या काळात इथे उत्खनन केले. काठावर अश्मयुगातली दगडी हत्यारे मिळाली आणि टेकाडाखाली तीन हजार वर्षांहून जुनी वस्ती. रांजणांत पुरलेली लेकरेसुद्धा निघाली. एवढी जुनी खाती आमच्या कुठल्याच शाखेत नाहीत. आजही एका काठाला नेवासा बुद्रुक, दुसऱ्या काठाला नेवासा खुर्द. खुर्द म्हणजे धाकटे. पण तालुक्याचा कारभार धाकट्याकडे. बढतीचे नियम तिथेही आमच्यासारखेच असावेत.

आता खरी गंमत ऐका. शके 1212, म्हणजे इ. स. 1290. याच गावात, पैसाच्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेवरची टीका सांगितली. अखेरीस स्थळाचा पत्ताही दिला. पण त्यात नदी कुठली? गोदावरी! ती तर दोन-तीन कोसांवर. माउलींना दोष देण्याची आपली काय प्राज्ञा? पत्त्यात हेड ऑफिसच लिहितात.

पुढे प्रवरासंगमाला प्रवरा गोदावरीला मिळते आणि तिचे खाते बंद होते. 1976 साली पूर्ण झालेल्या जायकवाडीच्या जलाशयात तिचेही पाणी साठते. त्याचे नाव काय, तर नाथसागर. म्हणजे तिथेही जमा दुसऱ्याच्याच खात्यावर!

तरी मी निराश नाही. त्याच ग्रंथाच्या शेवटच्या ओवीत, ज्यांनी तो आदराने लिहून घेतला त्या सच्चिदानंदबाबांचे नाव आहे. सातशे वर्षांपूर्वी का होईना, एका लेखनिकाची नोंद झाली! नऊ हजार ओव्या उतरवून घेताना बाबांना तहान लागतच असणार. त्यांच्या तांब्यातले पाणी कोणत्या नदीचे होते, हे सांगायला मला व्हाउचर लागत नाही.